डेथ कार्ड कसं वाचायचं: टॅरोतल्या एका चित्राचा पायरीपायरीने अर्थ

भविष्य पाहायला वापरतात त्या टॅरो नावाच्या चित्रपत्त्यांच्या संचातून, म्हणजे डेकमधून, डेथ (मृत्यू) कार्ड निघालं की समोरच्याचा चेहरा उतरतो. "घरात कुणाला काही होणार आहे का?" हा प्रश्न ठरलेला. कार्डांचा अर्थ सांगणाऱ्याचं, म्हणजे रीडरचं, उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं: "घाबरू नका, हे परिवर्तनाचं कार्ड आहे." प्रश्न भीतीतून येतो, उत्तर पाठांतरातून येतं आणि दोघांच्या मधोमध टेबलावर पडलेल्या चित्राकडे कुणीच नीट बघत नाही.

मला हे फार खटकतं. तेराव्या क्रमांकाचं हे चित्र अख्ख्या डेकमधल्या सर्वांत विचारपूर्वक रचलेल्या चित्रांपैकी एक आहे. त्यात माणसं आहेत, त्यांच्यात काहीतरी घडतं आहे, आणि 'परिवर्तन' या एका शब्दात ते मावत नाही. म्हणून हे एकच कार्ड घेऊन, चिन्हांचा अर्थ लावायची पद्धत इथे शेवटपर्यंत करून दाखवतो. ती हातात बसली की उरलेल्या सत्त्याहत्तर कार्डांनाही चालते.

तयारी

कार्ड, वही, पेन आणि निवांत अर्धा तास. डेकसोबत येणारी छोटी पुस्तिका खोक्यातच राहू द्या, ती सगळ्यात शेवटी लागेल.

हा लेख रायडर-वेट-स्मिथ डेकबद्दल आहे. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो १९०९ साली काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघेही 'गोल्डन डॉन' या १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गूढविद्येच्या मंडळातले. डेकच्या नावात अनेक वर्षं प्रकाशक आणि लेखक एवढेच होते, चित्रकर्तीचा पत्ताच नव्हता. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्मिथ यांनी छायाचित्रकार अल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रात कळवलं की मोठं काम पुरं केलं, पण पैसे अगदीच थोडे मिळाले. १९५१ मध्ये त्या इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात वारल्या. जगभरातले रीडर रोज ज्यांची चित्रं वाचतात त्या बाईंचं नाव निदान आपण तरी घ्यावं, म्हणून मी 'स्मिथ' कधीच गाळत नाही.

एक सावधगिरी. मूळ रेखाटनं आज उपलब्ध नाहीत आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांत रंग बरेच बदलले आहेत. तुमच्या कार्डावरचं आकाश राखाडी असेल, मैत्रिणीच्या कार्डावर निळसर. तेव्हा रंगाच्या छटेवर अर्थाचा डोलारा उभा करू नका. काळं, पांढरं, पिवळं एवढा ढोबळ फरक पुरे. भरवसा ठेवायचा तो रेषेवर: कोण कुठे उभं आहे, कुणाची मान कुठे वळली आहे.

पहिली पायरी: फक्त बघा आणि लिहा

पाच मिनिटं कार्डाकडे बघा आणि जे दिसतं तेवढंच वहीत उतरवा. 'भीती', 'शेवट', 'आशा' हे शब्द या पानावर नकोत. 'घोडा', 'उभा', 'पडलेला' असे शब्द चालतील.

तुमची यादी साधारण अशी होईल. पांढऱ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला सांगाडा. त्याच्या शिरस्त्राणावर लाल पीस. हातात काळा झेंडा, झेंड्यावर पाच पाकळ्यांचं पांढरं गुलाबाचं फूल. घोड्याच्या लगामावर कवट्या आणि हाडांची नक्षी. घोड्याखाली उताणा पडलेला राजा, मुकुट बाजूला. उजवीकडे पिवळ्या झग्यातला, उंच टोपीतला बिशप (ख्रिस्ती धर्मगुरू), हात जोडलेले. त्याच्याजवळ गुडघ्यावर आलेली तरुण मुलगी आणि एक लहान मूल. मागे नदी, नदीत शिडाची नाव. दूर क्षितिजावर दोन बुरूज आणि त्यांच्यामध्ये सूर्य.

आता कार्ड पालथं ठेवा आणि न बघता पुन्हा सांगून बघा. सांगाडा, घोडा, राजा सगळ्यांना आठवतात. नाव आणि सूर्य हमखास निसटतात, आणि निम्मे लोक सांगाड्याच्या हातात कोयता होता असं ठामपणे सांगतात. कोयता नाही. या स्वाराजवळ एकही शस्त्र नाही, फक्त झेंडा आहे. डोक्यातलं मृत्यूचं चित्र आपण कार्डावर चिकटवतो ते असं. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी वगळू नका. पुढच्या चुका इथेच थांबतात.

दुसरी पायरी: कोण काय करतंय

या कार्डाचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या.

आधी स्वार. घोडा उधळलेला नाही. एक पाय उचललेला, चाल संथ. वेट यांनी स्वतः लिहिलं आहे की हा स्वार सावकाश पुढे जातो आणि त्याच्याजवळ दिसेल असं शस्त्र नाही. तो कुणाकडे बघून हल्ला करत नाही, कुणाची दखलही घेत नाही. तो येतो आहे, एवढंच.

आता त्याच्यासमोरची चौघं. एकाच गोष्टीला चार माणसं चार तऱ्हांनी सामोरी जाताहेत.

राजा पडला आहे. मुकुट डोक्यावरून निसटला आहे. सत्ता, हुद्दा, 'मी कोण आहे माहीत आहे का' हा सगळा आविर्भाव सर्वांत आधी कोसळतो. राजाला वाकता येत नव्हतं.

बिशप उभा आहे. चौघांतला तोच एकटा स्वाराच्या थेट समोर, हात जोडून. हे जोडलेले हात कसले? प्रार्थना, विनवणी, की स्वागत? चित्र सांगत नाही आणि ते बरंच आहे. काही रीडर त्याच्यात श्रद्धेचं बळ पाहतात. मला त्याच्यात घासाघीस दिसते: नवस करतो, दान करतो, एवढी एक वेळ टळू दे. दोन्ही अर्थ चित्रात बसतात. कोणता लावायचा हे प्रश्न विचारणाऱ्या माणसावरून ठरवायचं. एक बारकावा मात्र पक्का लक्षात ठेवा: सूर्य त्याच्या पाठीमागच्या दिशेला आहे. स्वाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या बिशपला तो दिसत नाही.

तरुणीने मान फिरवली आहे. तिला कळलं आहे, पण बघवत नाही. ज्याला बदल होणार हे पक्कं ठाऊक असतं तरी जो बँकेचं पत्र फोडत नाही, डॉक्टरांचा रिपोर्ट आणायला जात नाही, तो माणूस इथे आहे.

आणि मूल. ते स्वाराकडे सरळ बघतंय, हातात फुलांचा छोटा गुच्छ घेऊन. ते धीट आहे असं नाही. त्याच्याजवळ गमावण्यासारखा मुकुट नाही, म्हणून लपवण्यासारखंही काही नाही.

वहीत चार नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एक क्रियापद: राजा कोसळतो, बिशप विनवतो, मुलगी तोंड फिरवते, मूल बघतं. पुढे रीडिंग करताना तुमच्या कामाला येतील ती ही चार क्रियापदं. 'मृत्यू म्हणजे परिवर्तन' त्यांच्यापुढे फिकं आहे.

तिसरी पायरी: एकेक वस्तू कुठून आली

वस्तूंचा अर्थ ठरवताना आधी विचारायचं की चित्र काढणाऱ्यांच्या मनात काय होतं. स्मिथ आणि वेट १९०९ च्या लंडनमधले, ख्रिस्ती प्रतिमांवर वाढलेले. नांगर तिथे टाका.

घोड्यावरचा मृत्यू बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, प्रकटीकरणातून येतो. तिथे फिकट रंगाच्या घोड्यावर मृत्यू नावाचा स्वार बसलेला आहे. वेट यांनीही लिहिलं आहे की कापणी करणाऱ्या सांगाड्याच्या जुन्या, ओबडधोबड कल्पनेपेक्षा त्यांना असंच एखादं दर्शन योग्य वाटलं. म्हणजे कोयता चुकून राहून गेलेला नाही, तो विचार करून वगळला आहे.

झेंड्यावरचं फूल वेट यांच्या शब्दांत गूढ गुलाब, आणि ते जीवनाची खूण आहे. काळ्या कापडावर पांढरा गुलाब: मृत्यूच्या हातातली निशाणी जीवनाची आहे. संपूर्ण कार्डाचा सर्वांत दाट अर्थ या दीड इंच जागेत आहे. गोल्डन डॉनच्या प्रतीकांमध्ये गुलाब आणि क्रूस एकत्र येतात, त्यामुळे त्या मंडळातल्या माणसाला हे फूल पाहताच ओळखीचं वाटलं असणार.

दोन बुरूजांमधल्या सूर्याला वेट अमरत्वाचा सूर्य म्हणतात. तो उगवतोय की मावळतोय यावर रीडरांमध्ये जुना वाद आहे. चौथ्या पायरीत त्यावर येतो.

नदी आणि नाव यांबद्दल वेट यांच्या या कार्डावरच्या मजकुरात काहीच नाही. अनेक जण इथे ग्रीक पुराणातली मृतांना पैलतीरी नेणारी होडी आठवतात. आठवायला हरकत नाही, पण वहीत त्यापुढे 'माझा अंदाज' असं लिहून ठेवा. जे चित्रकर्त्यांनी सांगितलं आणि जे आपण जोडलं, यांच्यात ही एक रेघ कायम असावी.

लगामावरच्या कवट्यांवर फार वेळ घालवू नका. त्या सजावट आहेत, स्वार कोण हे सांगून मोकळ्या होतात.

चौथी पायरी: तीच खूण दुसऱ्या कार्डात शोधा

ही पायरी बहुतेक जण करत नाहीत. मला विचाराल तर स्मिथ यांची चित्रं खऱ्या अर्थाने इथे उघडतात, कारण त्यांनी त्याच वस्तू एका कार्डातून दुसऱ्या कार्डात नेल्या आहेत. डेकमधून तीन कार्डं काढा: फूल (इंग्रजी Fool, म्हणजे मूर्ख), मून (चंद्र) आणि सन (सूर्य). डेथच्या शेजारी मांडा.

फूल, म्हणजे शून्य क्रमांकाचा भटका, कड्याच्या टोकाशी उभा आहे. त्याच्या हातात पांढरा गुलाब आहे आणि टोपीत लाल पीस. डेथच्या झेंड्यावर पांढरा गुलाब, शिरस्त्राणावर लाल पीस. प्रवासाला निघताना भाबडेपणाने हातात धरलेलं फूल तेराव्या थांब्यावर झेंडा होऊन परत येतं.

आता सन, एकोणिसावं कार्ड. पांढऱ्या घोड्यावर उघडं बाळ, डोक्यावर लाल पीस, हातात मोठा लाल झेंडा. पुन्हा पांढरा घोडा, पुन्हा झेंडा, पुन्हा पीस. स्वार तेवढा बदलला आहे. तिथे चिलखतातला सांगाडा, इथे अंगावर चिंधीही नसलेलं मूल. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून दोन मिनिटं बघा. डेथ काय काढून घेतं, हे सन कार्डातल्या मुलाकडे काय नाही यावरून कळतं. आणि डेथमध्ये निर्भयपणे बघणारं ते मूल आठवा. जो बघू शकला तोच पुढे घोड्यावर बसला, असं वाचायचा मोह मला होतो. हा माझा अर्थ आहे, वेट यांचा नाही.

मून, अठरावं कार्ड. तेच दोन बुरूज, पण रात्र. मधून जाणारी वाट, कुत्रा, लांडगा, पाण्यातून वर येणारा जलचर. आता सूर्याच्या वादाकडे या. तेराव्या कार्डात बुरूजांमध्ये सूर्य, अठराव्यात त्याच बुरूजांवर चंद्र, एकोणिसाव्यात भर दिवसाचा सूर्य. क्रम असा लावला तर डेथमधला सूर्य मावळतीचा ठरतो, पुढे रात्र आहे आणि रात्रीनंतर उजाडणार आहे. वेट यांचा अमरत्वाचा सूर्य धरला तर तो उगवतीचा वाटतो. मी रीडिंगमध्ये पहिला अर्थ जास्त वापरतो, कारण तो माणसाला खोटा दिलासा देत नाही: संपलं की लगेच पहाट होत नाही, मध्ये मून आहे.

शेजारचे क्रमांकही बघून घ्या. बारावं हँग्ड मॅन, एका पायावर उलटा टांगलेला, चेहरा शांत. चौदावं टेम्परन्स, दोन पेल्यांत पाणी ओतणारा देवदूत, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. थांबणं, संपणं, मिसळणं. एवढं पुरे.

पाचवी पायरी: जुनी कार्डं

टॅरो इजिप्तच्या पुरोहितांनी लिहिलेलं गुप्त ज्ञान आहे, असं मराठीतही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. तसा पुरावा नाही. हे म्हणणं फ्रान्समध्ये अंत्वान कूर द जेबेलँ यांनी १७८१ मध्ये छापलं, आणि तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोलियोंनी १८२२ मध्ये उलगडली. टॅरोचा कॅट पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाला. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेली सोनेरी कार्डं आजही वेगवेगळ्या संग्रहांत आहेत. भविष्य पाहायचा रिवाज बराच नंतरचा, अठराव्या शतकात पसरलेला.

डेथ कार्डासाठी हा इतिहास का हवा? त्यावरून राजा आणि बिशप तिथे कशाला आहेत ते समजतं. १३४७ नंतरच्या काही वर्षांत प्लेगने युरोपातल्या लोकसंख्येचा मोठा भाग नेला. पुढच्या शतकात भिंतींवर 'मृत्यूचं नृत्य' रंगवलं जाऊ लागलं: सांगाडे हात धरून पोप, राजा, व्यापारी, शेतकरी, तान्हं बाळ अशा सगळ्यांना ओळीने नाचवत नेताहेत. पॅरिसच्या एका दफनभूमीत १४२४-२५ च्या सुमारास असं प्रसिद्ध भित्तिचित्र होतं. मृत्यूपुढे सगळे सारखे, हा त्याचा रोख. फ्रान्समधल्या मार्सेय पद्धतीच्या जुन्या टॅरोत तेराव्या कार्डावर सांगाडा काळ्या जमिनीवर कोयता चालवतो, आणि जमिनीवर हात, पाय, मुंडकी विखुरलेली दिसतात, त्यांपैकी एकावर मुकुट आहे. त्या कार्डावर बहुधा नावही छापत नसत.

ते मुकुटवालं मुंडकं स्मिथ यांच्या चित्रात अख्खा राजा होऊन आलं. जुनं सूत्र त्यांनी ठेवलं आणि त्यात नजर भरली: कोण बघतो, कोण नाही. त्यांची खरी भर ती.

ज्योतिष जाणणाऱ्यांसाठी एक टीप. गोल्डन डॉनने या कार्डाला वृश्चिक रास दिली. ती पाश्चात्त्य सायन पद्धतीतली रास आहे, आपल्या पंचांगातली निरयन नाही. पत्रिकेतलं वृश्चिक आणि हे वृश्चिक एकत्र मिसळून निष्कर्ष काढू नका.

सहावी पायरी: आपल्या मनातलं वेगळ्या रकान्यात

मराठी माणूस हे कार्ड बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात बायबल नसतं. पांढरा रंग दिसला की आपल्याला अंत्ययात्रेतले कपडे आठवतात. युरोपात शोकाचा रंग काळा, पांढरा निर्मळतेचा. हा फरक लक्षात न घेता पांढऱ्या घोड्याला अशुभ म्हणून टाकणारे रीडर आहेत.

पांढरा घोडा म्हटलं की जेजुरीचा खंडोबाही आठवतो, आणि युग संपताना पांढऱ्या घोड्यावरून येणारा कल्कीही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात कल्कीचा स्वतंत्र संच असतो, म्हणजे युगान्ताचा देव आपल्याकडेही पत्त्यांवर बसलेला आहे. टॅरोशी त्याचं नातं जोडायला आधार नाही, पण 'घोड्यावरून येणारा शेवट' ही कल्पना मराठी मनाला परकी नाही हे नक्की.

आणि तेरा. युरोपात हा आकडा अशुभ. येशूच्या शेवटच्या भोजनाला तेरा जण होते, अशी त्यामागची लोकसमजूत. आपल्याकडे तेराव्याचा अर्थ वेगळा आहे. दहावं, अकरावं, बारावं करून तेराव्या दिवशी घरात शांत केली जाते, गोडाचं जेवण होतं, आणि दुखवट्यातलं घर पुन्हा रोजच्या व्यवहाराला लागतं. माणूस गेल्याचं दुःख तेराव्याला संपत नाही, पण चूल पुन्हा सगळ्यांसाठी पेटते. मला तेराव्या कार्डासाठी याहून नेमका अर्थ सापडलेला नाही. तो स्मिथ यांनी चित्रात घातलेला नाही, हे मला माहीत आहे. तरी मराठी माणसासमोर हे कार्ड आलं की मी तो वापरतो.

म्हणून वहीच्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे चित्रकर्त्यांचा अर्थ, उजवीकडे आपला. उजवा रकाना कमी प्रतीचा समजू नका. फक्त दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

सातवी पायरी: प्रश्नाला जोडा

आता उदाहरण. समजा एक बाई विचारतात, "मी वीस वर्षं शिकवणी घेतेय. मुलं कमी होत चालली आहेत. बंद करू का?" एकच कार्ड काढलं आणि डेथ आलं.

"बंद होणार" असं सांगून मोकळं व्हायचं नाही. ते त्यांना कळलेलंच आहे, म्हणून तर त्या आल्या. कार्ड त्यांच्याकडे फिरवा आणि विचारा, "ताई, या चौघांपैकी तुम्ही सध्या कोण आहात असं वाटतं?"

समजा त्या थोडं थांबून म्हणाल्या, "ही मुलगी. गेल्या वर्षापासून मी हजेरीची वही नीट बघितलेली नाही. किती मुलं उरली ते मोजत नाही."

रीडिंग इथे सुरू होतं. पुढचा प्रश्न मुकुटाचा: "शिकवणी गेली तर काय जाईल असं वाटतं? पैसे, की बाई म्हणून असलेली ओळख?" पैसे म्हणाल्या तर बोलणं एका दिशेला जाईल, ओळख म्हणाल्या तर दुसऱ्या. मग गुलाब: "वीस वर्षांतलं असं काय आहे जे वर्ग बंद झाला तरी हातात राहील?" शिकवण्याची हातोटी, तयार केलेल्या टिपणवह्या, मोठी झालेली मुलं. शेवटी बुरूज: लगेच पहाट नाही, मधला काळ कसा काढायचा, किती महिन्यांची तजवीज आहे.

असे चार प्रश्न झाल्यावर तुम्ही तीन वाक्यं बोला, जास्त नको. उदाहरणार्थ: "हा वर्ग ज्या रूपात होता ते रूप संपत आलं आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. आधी हजेरीची वही उघडा, मुलं मोजा. शिकवणं तुमच्याजवळ राहणार आहे, त्याला नवं रूप द्यायला काही महिने लागतील." प्रत्येक वाक्य चित्रातल्या कुठल्या जागेवरून आलं ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही आलं, तर ते वाक्य कार्डाचं नाही, तुमचं आहे. ते सल्ला म्हणून द्या, कार्डाच्या नावावर खपवू नका.

तीन कार्डांच्या मांडणीत जागेप्रमाणे भर बदलतो. भूतकाळाच्या जागी डेथ आलं तर विचारा, तेव्हा तुम्ही तोंड फिरवलं होतं का? भविष्याच्या जागी आलं तर घोडा अजून दूर आहे, मुकुट स्वतः उतरवून ठेवायला वेळ आहे.

कार्ड उलटं आलं तर वेट यांचा शब्द आहे जडत्व, गुंगी. मला तो पटतो. उलट्या चित्रात घोडा पुढे जात नाही, राजा पडायचा राहून गेला आहे. जे संपायला हवं ते रेंगाळतंय. सरळ डेथपेक्षा उलटं डेथ मला अधिक गंभीर वाटतं.

आता खोक्यातली पुस्तिका काढा आणि तुमच्या टिपणांशी ताडून बघा. वेट यांनी दिलेल्या अर्थांत 'मुलीसाठी लग्नाचे बेत फसणं' असलेही अर्थ आहेत. ते त्या काळातच सोडून द्यायला काहीच हरकत नाही.

काय कधीच करू नये

कुणाच्या मृत्यूचं किंवा आजाराचं भाकीत या कार्डावरून करू नका. थेट नाही, आडून नाही, "जरा सांभाळून राहा" असंही नाही. कागदावरच्या चित्राला कुणाचं आयुष्य किती हे कळत नाही, आणि तसं सुचवणारा रीडर समोरच्याच्या घरात महिनोनमहिने टिकणारी धास्ती पाठवतो. डेथ दाखवून हजारो रुपयांचा 'उपाय' विकणं ही सरळ फसवणूक आहे.

घरात कुणी अत्यवस्थ असेल किंवा नुकतंच कुणी गेलं असेल, तर मी डेथ बाजूला काढून उरलेला डेक पिसतो आणि तसं समोरच्याला सांगतो. दुःखातल्या माणसाला सांगाडा दाखवून काही साधत नाही. आणि बोलता बोलता कुणी जगावंसं वाटत नाही असं म्हणालं, तर कार्डं तिथेच आवरा. शांतपणे ऐका, घरच्या विश्वासातल्या माणसाला जोडून घ्या आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. त्या क्षणी तुम्ही रीडर नसता.

पुढचा सराव

याच पद्धतीने पुढचं कार्ड घ्यायचं तर सिक्स ऑफ स्वोर्ड्‌स घ्या. त्यातही पाणी आहे आणि नाव आहे, पण या वेळी नाव जवळ आहे, आतली माणसं दिसतात, आणि त्यांची पाठ आपल्याकडे आहे. आधी यादी करा, मग क्रियापदं लिहा. नावेत उभ्या खोचलेल्या तलवारी किती ते मोजा आणि त्या उपसल्या तर नावेचं काय होईल, या प्रश्नावर वहीत निदान अर्धं पान लिहा.